नऊ शेर पाणी

भादव्याचं कडक ऊन पडलं, की आमच्या भरे गावातल्या उरल्यासुरल्या खाचरांतून भाताच्या फुलोऱ्याचा वास यायला लागतो. उरलेली म्हणजे चार-पाचच. बाकीच्यांत पत्र्याच्या शेड झाल्या, गोदामं झाली, आणि एका खाचरात तर आमचंच दुमजली घर उभं आहे. वरच्या खोल्या भाड्यानं देतो. पिरंगुटला कामाला जाणाऱ्या पोरी राहतात. वास मात्र तोच आहे, ओल्या चिखलाचा आणि कोवळ्या दुधाचा मिळून झालेला. तो आला की माझ्या पोटात खड्डा पडतो. नुकती जेवून उठलेली असले तरी पडतो.

यंदा तो आला त्याच दिवशी वरच्या खोलीतली निकिता खाली आली. पोर जळगावकडची, म्हणजे माझ्या माहेरच्या मुलखातली, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच जीव. वांग्याचं भरीत केलं होतं. ताट वाढायला घेतलं तर म्हणाली, "नको काकू, मी तीन दिवस नुसत्या पाण्यावर आहे. वजन उतरवायचंय." मग मोबाईल पुढं धरून सांगायला लागली, की यात एक जण म्हणतो महिन्यातून एकदा करा, दुसरा म्हणतो दर आठवड्याला करा, तुम्ही तर एवढे उपास केलेत, तुम्हीच सांगा, किती दिवसांनी करायचा असतो हा पाण्याचा उपास?

मी भरिताची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. हाच प्रश्न मी याच गावात, याच दिवसांत, एका बाईला विचारला होता. तेव्हा मी निकितापेक्षा लहान होते आणि मलाही वजनच उतरवायचं होतं. कारण तेवढं वेगळं होतं. मला एक म्हैस वाचवायची होती.

माझं माहेर तापीकाठचं. शाळा पाचवीत सुटली; पाटी धाकट्या भावाला दिली आणि मी कापूस वेचायला लागले. मामा खडकीला कारखान्यात होता, त्यानं हे स्थळ आणलं. एक रात्र रेल्वेत, मग पुण्याहून एसटी, मग चिखल तुडवत पायी. आईनं निघताना बांधून दिलेली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी भऱ्याच्या शिवेवर पोचेपर्यंत मी जपून ठेवली होती. ती संपली की माहेर संपलं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन उठतो. इथं तो जावयासारखा येऊन बसला, तो चार महिने हलला नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप धरला. दिवसाआड दात वाजायचे. अंगावर दोन घोंगड्या, त्यांवर पोतं, तरी थंडी जायची नाही. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणायचं. या आत्याबाई काटकुळ्या, काळ्यासावळ्या, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. त्यांनी तो सगळा हिवाळा मला तळहातावर झेललं. मोरी नावाची दुभती म्हैस होती दावणीला. तिचं दूध घरातल्या गड्यांच्याही आधी माझ्या पेल्यात यायचं. कोण कुठली मी, दोनशे कोसांवरून आणलेली, ना हुंडा ना हात चालणारी. मला त्या पेल्याकडं बघून रडू यायचं, आणि रडू आलं की आत्याबाईंना वाटायचं ताप चढला. त्या आणखी दूध ओतायच्या.

उन्हाळ्यात ताप गेला. आखाडात पौडच्या बाजाराला बैलगाडीनं तांदूळ नेला, तेव्हा त्या मलाही घेऊन गेल्या. रसूलभाईंचं भुसाराचं दुकान होतं, दारात पोती तोलायचा मोठा काटा टांगलेला. आत्याबाईंनी मला उचलून त्या पारड्यातच बसवलं. रसूलभाईंनी दुसऱ्या पारड्यात मापं टाकली आणि म्हणाले, एक मण नि बारा शेर, म्हणजे आताचे अठ्ठेचाळीस किलो. आत्याबाईंचं तोंड असं खुललं, की जसं काही भातच विक्रमी पिकलंय. तापात असताना मला याच काट्यावर तोललं होतं, तेव्हा मण भरायलाही दोन शेर कमी होते, हे त्यांनी दुकानातल्या तीन अनोळखी गिऱ्हाइकांना सांगितलं. मी लाजेनं मेले.

कारण मला नवस माहीत होता. म्हणजे अर्धा माहीत होता. मी तापात होते तेव्हा त्यांनी गावच्या देवीला गूळ बोलला होता. सून उठली की दसऱ्याला तिला देवळापुढं तोलायची आणि तिच्या भारंभार गूळ गावात घरटी वाटायचा. भऱ्यात पिकतो तो तांदूळ, आंबेमोहोर. गूळ सगळा विकत आणायचा. परतताना गाडीत आत्याबाईंचा डोळा लागला आणि आमचे हे, बैलांच्या पाठीकडं बघत, मला म्हणाले, "तू अशीच फुगत गेलीस तर दसऱ्याला मोरीला बाजार दाखवावा लागंल."

हे थट्टेत बोलले, हे आज कुणालाही कळेल. पण माझा स्वभाव घोर लावून घ्यायचा. अजूनही तसाच आहे. गॅस बंद केला का बघायला मी एसटी स्टँडवरून परत आलेली बाई आहे. त्या रात्री मी हिशेब मांडला तो असा: मोरीच्या दुधानं मी वाढले, मी वाढले म्हणून गूळ वाढला, आणि गूळ वाढला म्हणून मोरी जाणार. तेव्हा आपणच कमी व्हायचं.

आमच्या खोलीची आणि तिच्या गोठ्याची भिंत एकच होती. रात्री तिचं रवंथ ऐकत मी झोपायचे. या घरात माझ्याशी न बोलता मला समजून घेणारं तेवढंच एक होतं.

भादव्यात बाईला उपाशी राहायला निमित्त लागत नाही. हरतालिकेला निर्जळी झाली, ती मी पाण्यावर आणखी दोन दिवस ओढली. ऋषिपंचमी आहे म्हणाले. मग सोमवार आले, गुरुवार आले, माहेरच्या कुणा सतीमाईचा शनिवार आला. ही सतीमाई मीच तयार केली होती. आत्याबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, की खानदेशाकडं लई देव हायेत. वजन मोजायला काटा नव्हता. माझी काचेची बांगडी होती. ती दंडाकडं सरकवायची आणि गोंदणाच्या ठिपक्यांपैकी कितव्यापर्यंत चढते ते बघायचं. पहिल्या आठवड्यात एक ठिपका. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मागं.

मागं येण्याचं कारण सांगते. उपास नसायचा त्या दिवशीही मी भाकरी अर्धीच खायची, उरलेली ओच्यात लपवून मोरीला नेऊन घालायची. मोरी ती अशी खायची की बघतच राहावं. बाजरीच्या भाकरीनं तिचं अंग तजेलदार झालं, दूध वाढलं. आणि वाढलेलं दूध आत्याबाई, दुसऱ्या कुणाच्या तोंडाला न लावता, उपास सुटला रे सुटला की माझ्याच पेल्यात ओतायच्या. दोन दिवस मी काटकसर करायची आणि तिसऱ्या दिवशी तीच काटकसर दाट साय धरून माझ्यापुढं यायची. नाही म्हणायची माझी टाप नव्हती. समोर त्या बसायच्या, पेला रिकामा होईपर्यंत.

तेव्हा मी सोनाकाकीकडं गेले. ही आमच्या भावकीतली म्हातारी, नवरात्राचे नऊही दिवस घोट घोट पाण्यावर काढायची. गावात या बाबतीत तिच्यावर कुणी नव्हतं. मी म्हटलं, माझ्या माहेरच्या एका मैत्रिणीला विचारायचंय. ती सूप पाखडत होती. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुजी मैतरीण हितंच ऱ्हाती का?"

पण सांगितलं तिनं सगळं. पहिल्या दिवशी डोकं चढतं, दुसऱ्या दिवशी माणसं नकोशी होतात, तिसऱ्या दिवशी हलकं हलकं वाटून सगळ्यांवर माया येते, तिथं फसायचं नाही. चौथ्या दिवशी म्हणे देवी दिसते. मला काय कधी दिसली नाही, म्हणाली, पण बायांना सांगावं लागतं. उपास धरणं सोपं असतं, सोडणं अवघड. तांदळाची पातळ पेज, तीही चमच्यानं. मग मी खरा प्रश्न विचारला, किती दिवसांनी करायचा?

तिनं सूप खाली ठेवलं. "वर्सातनं एक डाव. त्यो बी धडधाकट बाईनं. चूल रोज इजवून रोज पेटवली तर ती निस्ता धूर करती, भाकर भाजत न्हाई. अन् जी तापातनं उटलीय तिनं तर धरूच ने. सांग तुज्या मैतरणीला."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, वर्ष कुणाला आहे? दसऱ्याला महिनाही उरला नाही.

उपाशी माणसाला वास फार येतात, हे मला त्या महिन्यात कळलं. डोळे भरून येतात तसं नाक भरून येतं. शेजारच्या घरात लसणीची फोडणी पडली तर ती कढईत पडायच्या आधी मला कळायची. डोंगरउतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली, तिलाही मला वरणाचा वास यायचा. खाचरांत आंबेमोहोर निसवून लोंबीला आला होता. वारा घराकडं वळला की साऱ्या शिवारानं एकदम भात शिजवायला ठेवलाय असं वाटायचं. सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात मला गुळाचा वास यायचा. चुलीमागं भाताच्या तुसाची कणगी होती, तिच्याजवळ गेलं की तर फारच. घरात गुळाचा खडा नव्हता, डबा मी चाटून बघितला होता. मला वाटलं, हे भुकेचे खेळ. किंवा देवी आठवण करून देतेय.

निकिताला मी हे सांगत होते तेव्हा ती पायरीवर बसून हसत होती. मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "मलाही काल रात्री आईच्या हातच्या खिचडीचा वास आला, काकू. खरंच आला." उपासात अंगातलं सगळ्यात आधी काय उतरत असेल तर ते घरापासून लांब राहण्याचं कवच. पोट भरलेलं असलं की माणूस परगावी राहू शकतो.

ते दिवस वाईट होते असं मात्र नाही, उलट मी मजेत होते. मला एक काम मिळालं होतं. वर्षभर मी नुसतं घेत आले होते. आता घरासाठी मीही काहीतरी करत होते, भले ते न खाण्याचं असेल. विहिरीवरून येताना चढावर उभं राहून धापा टाकायची आणि स्वतःशी म्हणायची, चला, आणखी अर्धा शेर. समोर धुक्यातून डोंगर हळूहळू बाहेर यायचा, गोठ्यातून मोरी हंबरायची, आणि मला वाटायचं तिला ठाऊक आहे.

आत्याबाई मात्र घुम्या झाल्या होत्या. माझ्या गळ्याची हाडं दिसायला लागली तसं त्यांना वाटलं, ताप आतून परत आला. रात्री उठून कपाळाला हात लावून बघायच्या. मी जागी असून डोळे मिटून घ्यायची. त्यांनी देवीला आणखी एक नारळ बोलला, हे मला फार नंतर कळलं.

नवरात्र बसलं. मी जाहीर केलं, की मी घटाबरोबर बसणार, नऊ दिवस पाण्यावर. देवीचं नाव पुढं केल्यावर आत्याबाईंना काही बोलता येईना. बांगडी भराभर ठिपके चढत गेली. सहाव्या दिवशी सकाळी शेण काढताना गोठा एकदम उजेडानं भरला. मला वाटलं, आली देवी. पडले ती मोरीच्या अंगावर. ती जनावर असून हलली नाही. मला पाठीला टेकवून तशीच उभी राहिली. सोनाकाकी दूध न्यायला आली होती, तिनं पाहिलं. तिनं मला तिथंच बसवून पातळ पेज चमच्यानं भरवली आणि म्हणाली, "दिसली का देवी? काळी व्हती ना, शिंगाची?" पण माझ्या हातापाया पडण्यामुळं घरात सांगितलं नाही तिनं. एवढंच सांगितलं, की पोरीला ऊन लागलंय, उपास मी सोडवलाय.

"मग म्हशीचं काय झालं?" निकितानं विचारलं. सगळे हेच विचारतात. माझं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी पदर खोचला, चुलीमागच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातले आणि तूस उडवत दोन ढेपा बाहेर काढल्या. आमच्या पावसात गूळ पाझरतो, म्हणून तुसात पुरून चुलीच्या उबेला ठेवलेल्या. आखाडात मला तोललं त्याच दिवशी, तांदळाच्या बदल्यात, रसूलभाईंकडून बरोबर एक मण बारा शेर तोलून आणलेल्या. मी गाडीत पुढं तोंड करून बसले होते. मागं पोत्याखाली त्याच होत्या. महिनाभराचा तो वास स्वयंपाकघरात मोकळा झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मोरी?"

"मोरीचं काय?" आत्याबाई म्हणाल्या. आमचे हे एकदम अंगणातला केर बघायला लागले.

आनंद मला झाला, पण तो उंबऱ्यापर्यंतच टिकला. म्हशीला धोका नव्हताच. गूळ मात्र माझ्या आखाडातल्या वजनाचा होता आणि मी ती राहिले नव्हते.

देवळापुढच्या चिंचेला रसूलभाईंनी काटा बांधला. सगळा गाव जमलेला, डोक्यांवर झेंडूची फुलं, पारावर पोरं. एका पारड्यात ढेपा ठेवल्या. दुसऱ्यात, पोतं अंथरून, नव्या लुगड्यातली मी. रसूलभाईंनी हात काढला आणि गुळाचं पारडं दाणकन जमिनीला टेकलं. मी वर. पाय लोंबकळत, झोक्यावर बसल्यासारखी. कुणी हसलं नाही, तेव्हाच मला कळलं काय झालं ते. मागून एका बाईचा आवाज आला, की सुनंला उपाशी ठिवली जणू.

मी आत्याबाईंकडं बघितलं. ज्या बाईनं वर्षभर माझ्या तोंडात घास घातला, तिची मान मी गावापुढं खाली घालायला लावली होती. कुणाचे उपकार फेडायला निघाले होते मी. रसूलभाईंनी माझ्याशेजारी मापं टाकून फरक बघितला, मापं उचलली आणि हळू आवाजात म्हणाले, ढेप फोडून नऊ शेर काढून घेऊ का, म्हणजे बरोबर होईल. आत्याबाई म्हणाल्या, गुळाला हात लावायचा नाही. मग काट्याजवळ येऊन, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "काय केलंस?"

मी वरूनच सगळं सांगून टाकलं. मोरी, गूळ, सतीमाई, ओच्यातली भाकरी. सांगताना पारडं गोल फिरत होतं, त्यामुळं अर्धं मी त्यांना सांगितलं आणि अर्धं चिंचेला. आमच्या ह्यांचे कान लाल झाले.

आत्याबाईंनी फिरतं पारडं धरून थांबवलं. मग म्हणाल्या, "येडे, तू नुसती उठावीस म्हणून गूळ न्हवता बोलला. तुजं अंग भरावं म्हणून बोलला व्हता. देवीनं भरलं. अन् तिनं दिल्यालं तू मला न इचारता माघारी दिऊन आलीस."

नवसाचा उरलेला अर्धा भाग मला असा, हवेत लोंबकळताना कळला. मी रडायला लागले. रडले तशी आणखी हलकी होईन अशीही भीती वाटली.

आत्याबाई गावाकडं वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाण्यानं नेलंय, पानीच भरंल. कळशी आणा."

आणि मग आमचे हे निघाले. भऱ्यात तोवर कुठल्या बाप्यानं बायकोसाठी विहिरीवरून पाणी आणलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते खाली मान घालून गेले, तांब्याची कळशी खांद्यावर घेऊन खाली मान घालूनच आले, आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. पाणी माझ्या नव्या लुगड्यावर हिंदकळलं. पारडं हललं, उतरलं, जरासं अडलं. गर्दीतून सोनाकाकी ओरडली, की तिच्या त्या मैतरणीला बी शेजारी बसवा, म्हंजी भरंल. तेव्हा सगळा गाव हसला. आत्याबाईही हसल्या, त्यांचा तो एक मोडका दात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. आणि हसण्याच्या गडबडीत काटा मधोमध येऊन उभा राहिला.

गूळ घरटी वाटला. मोठाले खडे. रसूलभाईंनी आपला खडा कागदात बांधून घरी नेला. दुसऱ्या दिवसापासून पेल्यात तेच दूध, समोर त्याच आत्याबाई. त्या पुढं पंचवीस वर्षं होत्या. मी एखादं जेवण टाळलं की एवढंच म्हणायच्या, कळशी आणू का?

निकितानं शेवटी माझ्याकडून पेज घेतली, चमच्यानं. वजनाचं काय करायचं ते एखाद्या चांगल्या डॉक्टरला विचारून कर, म्हटलं. मला फक्त सोनाकाकीचं उत्तर माहीत आहे.

त्या दसऱ्याला कळशीतलं पाणी मात्र राहिलं होतं. देवीपुढं तोललेलं, ते जमिनीवर ओतवेना. मी ती कळशी काखेत घेऊन गोठ्यात गेले आणि मोरीपुढं घमेल्यात रिकामी केली. सव्वा महिना मी एक एक घास मागं ठेवून जमवलेले ते माझे नऊ शेर. तिनं ते एका दमात पिऊन टाकले, मान वर केली, आणि भाकरी कुठंय म्हणून माझ्या ओच्याकडं बघत राहिली.